इंजिन बदलावं की गाडी? : काय तोलायचं आणि काय तोलायचंच नाही

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची शैली शक्यतो तशीच ठेवली आहे.)



निर्णय कसा घ्यावा, या विषयावर आपण गेले काही आठवडे बोलतो आहोत. आत्तापर्यंतची चर्चा थोडी अधांतरी झाली, अशी काहींची तक्रार आहे. ती आम्हाला मान्य आहे. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. उदाहरण गॅरेजमधलं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने गॅरेजात काय करायचं, असं कोणी विचारेल. पण विवेकाची खरी परीक्षा ग्रंथालयात होत नाही. मेकॅनिक हात पुसत बाहेर येतो आणि म्हणतो, "साहेब, इंजिन गेलं," तिथे ती होते.

उदाहरण असं. २०१२ साली नोंदणी झालेली एक डिझेल स्विफ्ट. अडीच लाख किलोमीटर झालेत. इंजिन ऑइल खातंय, चढावर दम लागतोय, धूर येतोय. मालकापुढे चार वाटा आहेत. एक, आहे तेच इंजिन खोलून बांधून घ्यायचं. दोन, त्याच जातीचं दुसरं, वापरलेलं इंजिन आणून बसवायचं. तीन, वेगळंच इंजिन बसवायचं, म्हणजे जास्त ताकदीचं किंवा पेट्रोलचं. चार, गाडी आहे तशी विकून मोकळं व्हायचं.

आता बहुतेक लोक काय करतात? मनातल्या मनात एक तराजू घेतात. एका पारड्यात खर्च, दुसऱ्यात हौस आणि सोय. कायदा आठवलाच तर तोही एक वजन म्हणून टाकतात: "पकडलं तर बघू, दंड कितीसा असणार?" आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की हा तराजू इथे चुकीच्या जागी लावला जातो. काही गोष्टी तोलायच्या असतात. काही गोष्टी उंबरठ्यासारख्या असतात, त्या ओलांडल्याशिवाय तोलण्याची पाळीच येत नाही. कायदा आणि रस्त्यावरच्या इतरांची सुरक्षितता हे उंबरठे आहेत. खर्च आणि सोय ही वजनं आहेत. क्रम उलटा केला की हिशेब बिनचूक येतो आणि निर्णय मात्र चुकतो.

गाडी तीच राहते का?

कायद्याकडे जाण्याआधी एक जुना प्रश्न घेऊ, कारण कायदा त्याच प्रश्नावर उभा आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, आपण आलात कशाने? राजा सांगतो, रथाने. मग नागसेन एकेक भाग काढत जातो. आस म्हणजे रथ का? नाही. चाकं म्हणजे रथ? नाही. जू, लगाम, सांगाडा? नाही. हे सगळे भाग मिळून रथ? तेही नाही. मग या सगळ्यांखेरीज आणखी कुठे रथ आहे? तर तसंही नाही. निष्कर्ष असा की 'रथ' हे भागांच्या आधाराने व्यवहारासाठी वापरलेलं एक नाव आहे.

नागसेनाचं म्हणणं पटलं तरी आरटीओचं काम त्यावर भागत नाही. सरकारला कर घ्यायचा असतो, चोरी पकडायची असते, अपघातानंतर जबाबदार कोण ते ठरवायचं असतो. त्यासाठी नावाला एक खुंटी लागते. आपल्याकडे ती खुंटी म्हणजे चासी नंबर, आणि त्याच्या जोडीला इंजिन नंबर. दोन्ही आरसी बुकावर असतात. इंधन कोणतं, किती सीसी, किती सिलिंडर, हेही असतं. म्हणजे इंजिन बदलणं ही नुसती दुरुस्ती उरत नाही. सरकारी दप्तरात गाडीचं जे वर्णन आहे, त्यातला एक शब्द त्याने बदलतो.

हाच प्रश्न वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. ब्रिटनमध्ये मोठे फेरफार केलेल्या गाडीसाठी बरीच वर्षं गुणांची पद्धत होती. जुनी ओळख आणि नंबर टिकवायचा तर निदान ८ गुण हवेत. मूळ सांगाड्याला ५ गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. आणि इंजिनाला? फक्त १. म्हणजे ब्रिटिश कायदा विचारत होता, "ही तीच गाडी आहे का?" आणि त्याचं उत्तर होतं की इंजिनाने फारसं बिघडत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा रोख निराळा. तिथे बसवलेलं इंजिन गाडीच्याच सालचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याच वर्गातल्या गाडीचं हवं, आणि त्याच्याबरोबरची प्रदूषण रोखणारी सगळी साधनं जागेवर हवीत. एक नेमलेला तपासनीस ते पाहतो आणि पसंत पडलं तर गाडी रस्त्यावर येते. कॅलिफोर्निया विचारतं, "हवा बिघडते का?"

आणि आपला कायदा विचारतो, "कारखान्याने जे सांगितलं होतं, त्याच्याशी ही गाडी जुळते का?" तीन कायदे, तीन प्रश्न. म्हणून परदेशातले व्हिडिओ पाहून इथे इंजिन बदलायला निघणं धोक्याचं. तिथला माणूस वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

पहिला उंबरठा: कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम ५२ आपल्या कामाचं. त्याचा गाभा असा: आरसीवरचा तपशील आणि निर्मात्याने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे सांगितला.

या नियमाला दारं आहेत, ती नीट पाहू.

पहिलं दार इंधन बदलण्याचं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालावी म्हणून मंजूर झालेलं किट बसवता येतं. त्याच्या अटी आहेत आणि आरसीवर नोंद करावी लागते. इथे 'किट' हा शब्द महत्त्वाचा. डिझेल इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं पेट्रोल इंजिन टाकलं, तर ते किट होत नाही.

दुसरं दार मोठ्या वाहतूकदारांसाठी. ज्यांच्याकडे किमान दहा व्यावसायिक वाहनं आहेत, त्यांना राज्य सरकार अशी मुभा देऊ शकतं की त्याच मेकचं आणि त्याच टाइपचं इंजिन त्यांनी आधी परवानगी न घेता बदलावं आणि चौदा दिवसांत कळवावं. आता तर्क लावा. ही खास सवलत दहा गाड्यांवाल्याला असेल, तर तुमच्या-आमच्यासारख्या एका गाडीवाल्याने काय करायचं? आधी परवानगी, मग काम, मग चौदा दिवसांत नोंद. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमतीही हवी.

आणि मोडलं तर? २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता आपल्या चार वाटा या उंबरठ्यावर ठेवून पाहा. पहिली वाट, इंजिन बांधून घेणं. ब्लॉक तोच, नंबर तोच, काही अडचण नाही. दुसरी, त्याच जातीचं इंजिन. परवानगी आणि नोंद यांच्या वाटेने जाता येतं. चौथी, विक्री. प्रश्नच नाही. तिसरी वाट, वेगळ्या इंजिनाची, इथेच अडखळते.

यात एक गंमत आहे. स्विफ्टमधलं हे १२४८ सीसीचं डिझेल इंजिन मुळात फियाटचं. आपल्या देशात ते दोन ठिकाणी तयार होत होतं: हरियाणात मानेसरला, आणि आपल्या पुण्याजवळ रांजणगावला. स्विफ्ट, पुंटो, व्हिस्टा, सगळ्यांच्या पोटात एकाच घराण्याचं इंजिन. कुठे ७५ अश्वशक्तीचं, कुठे ९०. म्हणून मेकॅनिक म्हणतो, "साहेब, एकच आहे, बसून जाईल." यंत्राच्या दृष्टीने तो बराचसा बरोबर असतो. पण कायदा घराणं बघत नाही, मेक आणि टाइप बघतो. पुंटो किंवा व्हिस्टामधलं इंजिन मारुतीच्या गाडीत बसवलं तर मेक बदलला. ९० चं बसवलं तर सीसी तीच राहिली, पण कारखान्याने या गाडीला दिलेला टाइप राहिला नाही. 'सारखं' आणि 'तेच' यांतला फरक आम्ही वर्गात एक अख्खं सत्र शिकवत असू. इथे तो एका अर्जात भेटतो.

दुसरा उंबरठा: बसतं का, आणि सुरक्षित बसतं का?

जुन्या लोकांना आठवत असेल, एकेकाळी अँबॅसिडर, जीप या गाड्यांतलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणं सर्रास चालायचं. "तेव्हा चालत होतं, आता का नाही?" हा प्रश्न रास्त आहे. तेव्हा बॉनेटखाली भरपूर जागा होती. इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं, आणि ताकद मागच्या चाकांना जायची. संगणक नव्हता. फाउंडेशन वेल्डिंग करून हलवलं, गिअरबॉक्सला जोडणारी एक प्लेट खरादून घेतली, की गाडी चालू.

आजच्या छोट्या गाडीत इंजिन आडवं असतं, गिअरबॉक्स त्याला चिकटून, आणि दोन्ही मिळून पुढच्या चाकांच्या मध्ये चपखल बसवलेले. इंजिनाचा ईसीयू चावीतल्या चिपशी बोलतो, मीटरशी बोलतो, एबीएसशी बोलतो. एक भाग बदलला की बाकीचे त्याला ओळखत नाहीत. डिझेलचं पेट्रोल करायचं तर टाकी, पंप, पाइप, वायरिंग, सायलेन्सरची लाइन, रेडिएटर, मीटर, बहुधा गिअरबॉक्सही बदलावा लागतो. म्हणजे मालक इंजिन घेत नसतो, जवळजवळ दुसरी गाडी सुटी विकत घेत असतो.

आणि सुरक्षिततेचं काय? गाडीचे ब्रेक, स्प्रिंगा, टायर हे सगळं एका ठरावीक वजनाचा आणि ताकदीचा विचार करून ठरवलेलं असतं. पुढे वजन वाढलं की गाडी वळणावर वेगळी वागते. ताकद वाढली की वेग वाढतो, ब्रेक मात्र तेच राहतात. याची किंमत कोण देणार? मालक देईलच असं नाही. समोरून रस्ता ओलांडणारी व्यक्ती देऊ शकते, आणि तिला आपल्या तराजूत कोणी विचारलेलं नसतं. आम्ही सुरक्षिततेला वजन न म्हणता उंबरठा म्हणतो, त्याचं कारण हे. दुसऱ्याच्या जिवाची जोखीम आपल्या हौसेसमोर तोलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता तराजू: खर्च

इथवर आलो की तिसरी वाट आपोआप गळते आणि तीन वाटा उरतात. आता खुशाल तोला. पण तोलण्याआधी निदान. "इंजिन गेलं" हे वाक्य फार ढोबळ आहे. इंजेक्टर गेले असतील, टर्बो गेला असेल, हेड गॅस्केट गेलं असेल, टायमिंग चेन सैल झाली असेल. प्रत्येक सिलिंडरची कंप्रेशन टेस्ट करून घ्या, शक्यतो दुसऱ्या गॅरेजमध्ये. रोग एकाने सांगावा आणि त्याची खात्री दुसऱ्याने करावी, हा नियम डॉक्टरांइतकाच मेकॅनिकलाही लागू.

पुढचे आकडे आम्ही फक्त समजुतीसाठी धरतो आहोत, तुमच्या गावचे भाव टाकून बघा. समजा, चालू स्थितीत ही गाडी २,००,००० ची आहे आणि आहे तशी विकली तर ६०,००० येतात. इंजिन बांधायला ८०,००० लागतात आणि मेकॅनिक म्हणतो, चार वर्षं बघायला नको. वापरलेलं इंजिन मजुरी आणि कागदपत्रांसह ६०,००० त पडतं, पण ते किती चालेल याची हमी नाही. दोनच वर्षं चाललं तर?

पहिल्याचा खर्च वर्षाला २०,०००. दुसऱ्याचा वर्षाला ३०,०००. स्वस्त दिसत होतं ते महाग निघालं. अर्थात दुसरं इंजिन चार वर्षं चाललं तर वर्षाला १५,००० च पडतात. म्हणून भावाइतकाच हमीचा प्रश्न विचारला पाहिजे. एकूण रक्कम बघू नका, टिकण्याच्या वर्षांनी भागा.

त्या वर्षांनाही एक मर्यादा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ च्या गाडीची ती २०२७ मध्ये संपते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे इंजिनाचं आयुष्य मोजताना कागदाचं आयुष्यही मोजा. गाडीचा पत्रा गंजला असेल, सस्पेन्शन वाजत असेल, तर नवं बांधलेलं इंजिन एका म्हाताऱ्या देहात घातल्यासारखं होईल.

आणि एक सापळा. "गेल्याच वर्षी ४०,००० चे टायर आणि क्लच टाकलेत, आता कशी सोडू?" ते पैसे गेले. गाडी ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. निर्णय नेहमी पुढच्या रुपयाचा करायचा, मागच्या रुपयाचा नाही.

वापरलेलं इंजिन घ्यायचं ठरलं, तर मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी असे जुन्या सुट्या भागांचे मोठे बाजार आहेत. तिथे चांगला मालही मिळतो आणि चोरीचाही. पावती घ्या, पावतीवर इंजिन नंबर लिहून घ्या आणि तो नंबर ब्लॉकवर स्वच्छ वाचता येतो का ते स्वतः पाहा. घासलेला, पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर भाव कितीही कमी असो, तिथून निघा. चोरीचा माल बाळगणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. शक्य असेल तर इंजिन चालू करून दाखवायला सांगा. ऑइलचं झाकण काढून आतून किती धूर येतो ते पाहा. आणि परवानगीच्या अर्जाबरोबर काय कागद लागतील, ते इंजिन घेण्याआधी आरटीओत विचारा, नंतर नाही.

आमचा कल विचाराल तर: सांगाडा धड असेल आणि निदान पक्कं असेल तर आहे तेच इंजिन बांधून घ्यावं. ब्लॉकच फुटला असेल तर त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन, परवानगीसह. सांगाडाच खलास असेल तर विकावं.

श्रोत्यांचे प्रश्न

*"सर, हे सगळं ठीक. पण प्रत्यक्षात पकडतं कोण? बॉनेट उघडून कोण बघतो?"*

रोज कोणी बघत नाही, खरं आहे. पण तीन वेळा बघितलं जातं. पंधरा वर्षांनी पासिंगला गेलात की. गाडी विकायला काढलीत आणि घेणारा चोखंदळ निघाला की. आणि अपघात झाला की. तिसरी वेळ सगळ्यात वाईट. विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिन नंबर पॉलिसीशी ताडून पाहतो. न कळवलेला फेरफार सापडला, तर दावा नाकारायला कंपनीच्या हातात कारण मिळतं. आणि समोरचा माणूस जखमी असेल तर प्रश्न नुसत्या आपल्या गाडीचा राहत नाही. "कोण पकडतं" हा प्रश्न म्हणजे कायद्याला पुन्हा तराजूत टाकणं. आणि अपघाताच्या दिवशी त्याचं वजन किती भरेल, ते आज कोणालाच सांगता येत नाही.

*"गाडी वडिलांची आहे. भावनेला काही किंमत नाही का?"*

आहे, आणि ती तराजूत जरूर टाकावी. हिशेबात तोटा दिसत असूनही वडिलांची गाडी चालू ठेवणं हा अविवेक नाही. फक्त त्या भावनेची रक्कम स्वतःला स्पष्ट सांगावी: "या आठवणीसाठी मी वर्षाला दहा हजार जास्त देतोय." आकडा उच्चारल्यावरही मन तयार असेल तर द्या. आणि भावना वडिलांच्या गाडीवर असेल, तर तिच्यात ९० अश्वशक्तीचं इंजिन कशाला? ती हौस आपली, वडिलांच्या नावावर कशाला घालायची?

*"हा कायदा हौशी कारागिरांवर अन्याय करत नाही का?"*

थोडा करतो, असं आम्हाला वाटतं. निर्मात्याने केलेल्या चाचण्यांवर विश्वास ठेवायचा हे तत्त्व योग्य आहे, कारण प्रत्येक गल्लीतलं वेल्डिंग सरकार तपासू शकत नाही. पण कॅलिफोर्नियात जसा तपासनीस आहे, तसा सामान्य मालकाला परवडेल असा रस्ता आपल्याकडे हवा. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्था किट तपासतात, ते किट बनवणाऱ्यांसाठी. एकट्या माणसाने, एका गाडीवर, काळजीपूर्वक केलेल्या कामाला आज दाद मागायला जागा नाही. ती मागणी करावी, लेखी करावी. पण नियम बदलायला हवा असं वाटणं वेगळं, आणि तो बदलला आहे असं समजून गाडी रस्त्यावर आणणं वेगळं.

*"मग बॅटरीचं किट बसवणं बरं का?"*

कायद्याच्या उंबरठ्यावर ते अडत नाही, किट मंजूर असेल आणि तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असेल तर. त्यानंतर तराजू. बॅटरीचं आयुष्य, रोजचं अंतर, गाडीच्या सांगाड्याची उरलेली वर्षं, यांनी भागाकार करा. पद्धत तीच राहते.

पुढच्या वेळी याच पद्धतीने आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ. तिथे काय उंबरठा आणि काय वजन, याचा विचार करून या. इंजिनापेक्षा ते अवघड आहे.